पारावर वाचलेली खोटी बातमी

ती केस अजून माझ्या मनातून उतरलेली नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता, तरीही.

सत्तरच्या दशकाची अखेर. पंचवटीत मी फौजदार होतो. पत्नी जाऊन वर्ष झाले होते, मुलगी मामाकडे शिकत होती. ठाण्यासमोरच्या पारावर एक निवृत्त शिक्षक रोज सकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचत आणि भाजीबाजारातली अक्षरओळख नसलेली माणसे भोवती बसून ऐकत. गुरुजींची शिस्त कडक. पहिल्या ओळीपासून शेवटच्या पानापर्यंत एक शब्द गाळायचा नाही. तेही माझ्यासारखेच एकटे होते. हजेरी घेताना माझा कान तिकडे असे. घरी बोलायला कुणी नव्हते, त्यामुळे तो आवाज मला सोबतीसारखा वाटे.

एके दिवशी एक भाजीवाली मावशी डोळ्याला पदर लावून ठाण्यात आली.

"साहेब, थेंब टाकले अन् लय आग झाली. आता ह्या डोळ्यानं कायबी दिसत नाय."

मोतीबिंदू शस्त्रक्रियेवाचून बरा करणारा एक 'नेत्रवैद्य' धर्मशाळेत उतरला होता. आम्ही पोचेपर्यंत पाखरू उडाले होते.

"त्याच्याकडे जायला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"पेपरात व्हतं."

"तुम्हाला वाचता येतं?"

ती जमिनीकडे बघत राहिली. पोलिसांच्या कागदावर नाव चढले की त्या माणसाचे वाईट होते, ही आपल्या लोकांची पक्की समजूत. म्हणून ती गुरुजींचे नाव घेईना. खरे तर ते वाचन मीही ऐकले होते आणि मलाही ती बातमीच वाटली होती. मी मुकाट्याने फिर्याद लिहून घेतली आणि तिला सरकारी दवाखान्यात पाठवले.

तो अंक मागवला. मजकुरावर 'आमच्या वार्ताहराकडून' असे छापलेले, 'जाहिरात' हा शब्द कुठेच नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या जाहिरातीच्या कारकुनाला बोलावले. आधी त्याने उडवाउडवी केली. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझा अनुभव असा की माणसाला शांतता जास्त वेळ सोसत नाही.

"जाहिरातच होती साहेब," तो शेवटी म्हणाला. "बातमीसारखी छापा म्हणाला. वरिष्ठांचा होकार होता. पुढच्या आठवड्याचीही देऊन गेलाय. मजकूर तोच, फक्त गाव सिन्नर."

धागा हाती लागला. ठरल्या दिवशी आम्ही साध्या वेशात सिन्नरला गेलो. आमचा हवालदार डोळ्यावर फडके बांधून रांगेत उभा राहिला. वैद्याने बाटली उघडताच हवालदाराने त्याचे मनगट धरले आणि आम्ही पंचांसमक्ष माल जप्त केला.

दुसऱ्या दिवशी गुरुजी ठाण्यात आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"आरोपींत माझंही नाव लिहा. तिनं ते माझ्या तोंडून ऐकलं."

"गुरुजी, वाचण्याला कायद्यात कलम नाही."

ते निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी पारावर बसणे सोडले.

आठवड्याने अटकेची बातमी पहिल्या पानावर आली. मला हुरूप आला. अंक घेऊन मी स्वतः गुरुजींच्या खोलीवर गेलो.

"उद्या हे वाचून दाखवा. लोक वाट बघतायत."

त्यांनी बातमी मनातल्या मनात वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. 'आमच्या वृत्तपत्राच्या दक्षतेमुळेच हा भामटा गजाआड झाला.'

"साहेब, तुम्ही स्वतः तिथे होतात. हे खरं आहे?"

मला हो म्हणता येईना. नाही म्हणायचे धाडसही झाले नाही. मला फार लाज वाटली.

त्यांनी घडी घालून अंक माझ्या हातात परत दिला. "मग उद्या मी काय वाचू?"

आरोपीला सजा झाली. मावशीचा डोळा मात्र गेला तो गेलाच. कागदोपत्री केस निकाली निघाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. मी त्यातून शिकलो ते एवढेच: खोटे छापून घेणाऱ्याला हुडकून काढता येते, पण त्यापायी एखादा खरा माणूस गप्प झाला, तर त्याला पुन्हा बोलते करण्याचे कसब कोणत्याही पोलिसापाशी नसते.