कीव्हा की क्वीव्हा?

मुलाने लग्न ठरल्याचं कळवलं तेव्हा मी लगेच कामांची यादी केली. हॉल इथेच, शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये मिळाला. मराठी पद्धतीने लग्न लावणारे गुरुजी न्यू जर्सीहून यायला तयार झाले. मुलीचं नाव मात्र काही केल्या निकालात निघेना.

मुलगी शिकागोची, घराणं आयरिश. मुलाने नाव मेसेजमध्ये पाठवलं: सी, ए, ओ, आय, एम, एच, ई. मी जसं दिसलं तसं वाचलं, "काओइम्हे."

तो फोनवर हसत सुटला. "आई, कीव्हा! की-व्हा. दॅट्स इट."

"मग त्यातला एम कुठे गेला?"

"एम आणि एच शेजारी आले की व्ह. आयरिशमध्ये तसंच असतं."

"आणि मधली ती तीन अक्षरं?"

"त्यांची मिळून एक ई. जस्ट ट्रस्ट मी."

माझ्या मुलाने 'ट्रस्ट मी' म्हटलं की मी दुसरीकडे चौकशी करते. पण पत्रिका इंग्रजी आणि मराठी दोन्हींत छापायची होती, म्हणून तात्पुरतं देवनागरीत 'कीव्हा' लिहून ठेवलं. देवनागरीचं बरं असतं, एकदा नीट लिहिलं की वाचणारा चुकत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन्ही घरांचा व्हिडिओ कॉल झाला. मुलीची आजी आयर्लंडहून बोलत होती. ती नातीला चक्क 'क्वीव्हा' म्हणाली. मी कान टवकारले. ती पुन्हा तेच म्हणाली. मुलीचे वडील 'कीव्हा' म्हणत होते. मुलगी दोन्हींना ओ देत होती आणि माझा मुलगा शेजारी चिप्स खात बसला होता.

कॉल संपल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "आजी नातीचं नाव चुकीचं कशाला घेईल? म्हणजे आपला मुलगा इतकी वर्षं चुकीचं म्हणतोय आणि ती त्याला सांगत नाहीये."

"तू सूनबाई म्हण आणि मोकळी हो," नवरा म्हणाला. त्याचे सगळे उपाय असेच.

मग मी तिलाच विचारलं. ती इंग्रजीतच बोलते, पण मला 'काकू' म्हणते. म्हणाली, "काकू, तुम्हाला सोपं जाईल तसं म्हणा."

मला हे उत्तर अजिबात पटलं नाही. ऑफिसात मी माझं नाव चुकीचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आजही दुरुस्त करते. सोपं जाईल तसं म्हणा, असं ज्याला विषय संपवायचा असतो तो म्हणतो. म्हणून पुढच्या भेटीत मुद्दाम एकदा 'क्वीव्हा' म्हणून पाहिलं, थोड्या वेळाने 'कीव्हा'. दोन्ही वेळा तेच गोड हसू. त्याच दिवशी कॉफीच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने नाव विचारलं, तर हिने सांगितलं, "केट."

टेक्सासात फ्रिस्कोला राहणाऱ्या माझ्या बहिणीला हे सांगितलं, तर तिच्या उत्साहाला ऊतच आला. "तीन नावं? पासपोर्ट बघितलास का तिचा?"

"गप बस. लोक कॉफीसाठी सोपं नाव सांगतात."

"मग तूही सोपं कर ना. लग्नात तांदळात नवीन नाव लिहायचंच असतं. काव्या ठेव! ऐकायलाही जवळचं, आपल्या सगळ्यांना म्हणता येईल."

मी हो म्हटलं नाही. केटररचा फोन येत होता म्हणून ठेवते म्हटलं.

त्यानंतर चारच दिवसांनी मुलाचा फोन. आवाज पडलेला. "आई, ती म्हणतेय की मराठी सेरेमनी नको. फक्त कोर्टात लग्न करू."

"का?"

"मला सांगत नाहीये. तुम्ही दोघी काय बोललात?"

"मी काहीच बोलले नाही."

"कसं नाही? तिचं नाव दोन-दोन प्रकारे घेतेस. यू कीप टेस्टिंग हर."

पत्रिका छापखान्यात जायच्या होत्या, पुण्याहून दीर-जावांची तिकिटं निघाली होती, आणि मुलगा माझ्यावर संशय घेत होता. मी तिला शनिवारी घरी बोलावलं. सरळ सांगितलं की पूजेचं सामान काढायचंय, मदतीला ये. हातांना काम असलं की माणसं खरं बोलतात, असा माझा अनुभव आहे.

ती आली. जेवणाच्या टेबलावर मी सुपाऱ्या, हळकुंडं, अक्षता वेगवेगळ्या डब्यांत भरत होते. पाव तास ती सुपाऱ्या मोजत बसली. मग मी चांदीचं ताट काढलं आणि तिचा हात थांबला.

"काकू, माझं नाव काय ठेवलंय तुम्ही?"

"कोणी सांगितलं तुला?"

माझ्या डोक्यात बहिणीची 'काव्या' होती, पण हे मी चुकीचं विचारलं. तिचा चेहराच बदलला. "म्हणजे ठेवलंय. माझ्या ऑफिसात एक मराठी मुलगी आहे. ती म्हणाली, या ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. मग मला कळलं, तुम्ही माझं नाव इतक्यांदा का विचारताय. त्याच्याशी जुळणारं शोधताय. नाव बदलणार असाल तर मी या ताटाला हात लावणार नाही."

मला ही मुलगी पहिल्यांदा नीट दिसली. पण माझंही समाधान झालं नव्हतं. "मग तू खरं नाव का सांगत नव्हतीस? मी दोन्ही म्हणून बघितलं, तू नुसती हसलीस."

"आधी गरज वाटली नाही. नंतर वाटलं, जे जाणारच आहे ते शिकवून काय करू? आणि दोन्ही खरीच आहेत. आजी उत्तरेकडची, तिकडे क्वीव्हा म्हणतात. बाबा कीव्हा म्हणतात."

"दोन्ही बरोबर?"

"हो. इंटरनेटवर बघा."

मी बघितलं होतं. तिथेही दोन आवाज निघाले होते. मला वाटलं होतं, त्यातला एक चुकीचा असणार.

"हे बघ," मी म्हटलं, "तुझं नाव बदलायचा माझा विचार कधीच नव्हता."

"का नव्हता? सगळे करतात ना?"

"प्रेमाबिमाने नाही सांगत. माझं नाव लग्नात बदललं. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, प्रत्येक ठिकाणी मी प्रतिज्ञापत्र दिलंय की या दोन्ही बायका मीच आहे. ती कटकट मी माझ्या घरात परत येऊ देणार नाही."

तिने मोजलेल्या सुपाऱ्या डब्यात टाकल्या. मग म्हणाली, "यावर माझा विश्वास बसतो."

"बाकी कशावर नाही?"

"अजून नाही."

हे मला चाललं. मी कागद पुढे ओढला. "आजीचं की बाबांचं? पत्रिकेत आणि तांदळात एकच लिहिता येईल."

तिने बराच विचार केला. "बाबांचं. आजी तिचंच म्हणेल, तिला कोणी थांबवू शकत नाही." मी 'कीव्हा' लिहिलं. तिने कागदाचा फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला. कोणाला, असं मी विचारलं नाही. ऑफिसातल्या त्या मराठी मुलीलाच असणार. खात्री करून घेत होती.

लग्नात गुरुजींनी ताट पुढे केलं आणि माझा मुलगा अंगठीने लिहायला लागला. मी त्याच्या मागेच उभी होते, त्याच्या मराठी अक्षरावर माझा भरवसा नाही. त्याने 'की' काढला. मग 'व्ह'ऐवजी नुसता 'व' काढून काना दिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कीव्हाने त्याचं मनगट धरलं, तांदूळ तळहाताने सपाट केले आणि म्हणाली, "पुन्हा. पूर्ण लिही."

त्याने पुन्हा लिहिलं. तिने वाकून, त्या फोटोवरून पाठ केलेलं एकेक अक्षर तपासलं, मगच मान वर केली.