मागून येणारा सूर

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पदवीधर मी एकटीच. बी.कॉम., तेही नोकरी करत करत. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मंडळीत काही अवघड काम निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. पोलिसांची परवानगी, लाईटबिलाची तक्रार, कोणाच्या मुलाचा शाळेचा दाखला. "ताई शिकलेली आहे, ती बघेल." आणि मी बघते. गेल्या नाताळच्या आधी मात्र त्यांनी सांगितलेलं एक काम मी केलं नाही.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. पोटासाठी इकडे परराज्यात आलो; कडोदऱ्याच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यांत आमच्या माणसांचं आयुष्य गेलं. एका किराणा दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी आमची उपासना होते. मंडळीतल्या जुन्या कारीगरांचे कान लूमच्या खडखडाटानं गेलेले आहेत. माझ्या वडिलांचे, आप्पांचेही. गाणं सुरू झालं की आप्पा डोळे मिटतात आणि पूर्ण गळ्यानं गातात, पण अर्धी ओळ मागून. बाकीचे पुढच्या ओळीवर गेलेले असतात आणि आधीच्या ओळीचा शेवट आप्पा नि त्यांच्यासोबतचे चार-पाच म्हातारे निवांत पूर्ण करत असतात.

नाताळची उपासना मोबाईलवरून गावाकडच्या लोकांना थेट दाखवायची, असं त्या वर्षी ठरलं. कीबोर्ड वाजवणारा मंडळीतला तरुण, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो, एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर कामाला आहे, आणि वाजवतो खरंच सुंदर. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "जुन्या लोकांनी त्या दिवशी मागं बसावं. गावं, पण मनातल्या मनात."

मंडळीचे पाळकसाहेब बायबलची पानं चाळायला लागले. मग सगळे माझ्याकडे वळले. आप्पांना मी सांगायचं.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

सांगायची गरजच नव्हती. आप्पा कोपऱ्यात चटया गुंडाळत होते. लूमवरच्या माणसाला ऐकू येत नसेल, पण ओठ वाचता येतात, हे भाऊ विसरला होता.

घरी आल्यावर आप्पांनी चप्पल काढता काढताच जाहीर केलं, "नाताळला मी येणार नाही."

"का बरं?" आई त्यांच्यासमोर जाऊन ओरडली. घरात सगळं ओरडूनच बोलावं लागतं.

"गप्प बसून काय करू तिथं? तो काय सिनेमा आहे बघायला?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला ऐकू येत नाही."

आम्ही हसलो. पण आप्पा हसले नाहीत. मंडळी सोडून त्यांना दुसरं काही नाही. एकदा घरी बसले तर हा माणूस परत जिना चढणार नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मी ठरवलं, आप्पा येतील आणि गातील.

पुढच्या सरावाला मी भावाला गाठलं. तो वाईट नाही. त्याचं म्हणणंही साधं होतं. "ताई, देवाला द्यायचं तर चांगलंच द्यायला पाहिजे ना? शास्त्रात बलीचं कोकरूसुद्धा निर्दोष लागायचं."

"कोकरू निर्दोष लागायचं भाऊ, आणणारा नाही."

तो हुशार. म्हणाला, "मग गाणं हे कोकरूच झालं की! ते लंगडं चालेल?"

खरं तर त्याचं बरोबरच होतं, म्हणूनच मला जोर आला. गाणं चांगलं व्हायला पाहिजे, कबूल. पण ज्यांना गायचंय त्यांना बाहेर ठेवून चांगलं केलेलं गाणं गावाकडच्यांना दाखवायला ठीक. देवाला ते काय म्हणून द्यायचं?

लहानपणी मी आप्पांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे. तिथं आवाजाचा उपयोगच नव्हता. धागा तुटला, मिस्त्रीला बोलव, चहा आला, सगळं हातानं. मग गाणं का नाही? मी म्हाताऱ्यांना पहिल्या रांगेत बसवलं, स्वतः समोर उभी राहिले आणि हातानं ओळ सुरू करायला, लांबवायला, थांबवायला लागले. पाठीमागून पोरं खिदळली, "ताई ट्रॅफिक पोलीस झाली!" "चलान फाडीन हं," मी म्हटलं आणि हात चालू ठेवला.

अडलं ते आप्पांपाशी. "डोळे उघडे ठेवायचे?"

"हो. नाहीतर हात कसा दिसणार?"

"म्हणजे मी तुझ्याकडं बघून देवाची स्तुती करायची?"

बी.कॉम.ला हे शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "नजर इकडं द्या आप्पा, मन तिकडंच असू द्या." त्यांना पटलं नाही. पण ते आले. रोज ड्युटी संपवून, कपड्यांवरची कापसाची रुई झटकत आले.

नाताळला हॉल भरला. मोबाईल स्टँडवर लावलेला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, म्हातारे माझ्या हाताबरोबर अगदी जागच्या जागी. भावानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. शेवटच्या कडव्याला आप्पांची नजर माझ्या हातावरून सुटली. त्यांनी डोळे मिटले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही मिटले, आणि ते मागे पडायला लागले.

मी हात हलवून त्यांना हाक मारू शकत नव्हते, आणि मला मारायचीही नव्हती. सगळ्यांची शेवटची ओळ संपली तेव्हा मी हात वर धरला आणि तसाच धरून ठेवला. कोणी आमेन म्हणायचं नाही. सगळी मंडळी थांबली. पोरं थांबली, पाळकसाहेब थांबले. भाऊ एक क्षण गोंधळला, मग त्यानं शेवटचा सूर बोटाखाली धरून ठेवला आणि सोडला नाही. त्या एका सुरावर चार-पाच फाटके आवाज आपल्या चालीनं ओळ पूर्ण करत आले. माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली घेतला नाही. आप्पांचा शब्द सगळ्यात शेवटी आला. तो पूर्ण झाला, आणि मग मी हात खाली आणला.

"आमेन," सगळे एकदम म्हणाले.