मे महिन्यातली शाल

कपाट आवरताना बाबांची शाल हाती लागली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर आतेबहिणीचं नावडे गावातलं लग्न आठवलं. बाबा नवरीचे मामा, पण सुट्टी मिळाली नाही म्हणून तुर्भ्याच्या कंपनीतून तसेच, ग्रीसचे डाग पडलेल्या युनिफॉर्मवर आले होते.

घरच्यांना फोटोसाठी बोलावलं तेव्हा मी, बारा वर्षांची, त्यांना हळूच म्हणाले, "बाबा, तुम्ही मागं उभे राहा ना."

मामाच्या मानाची नुकतीच मिळालेली शाल त्यांनी उलगडली, भर मे महिन्यात गळ्यापर्यंत लपेटली आणि माझ्या शेजारीच उभे राहिले. फोटोत घामानं निथळत हसतायत.

"आजोबांना ताप होता का गं, आई?" शालीखालच्या अल्बममधला तो फोटो बघून लेकीनं विचारलं.

"नाही. मला त्यांची लाज वाटत होती."