हाक न मारणारी मंगला

मंगला गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या बाजारात वांगी निवडत होते. तिचा मुलगा दीपक बोलत होता. "मॅडम, माय गयी," एवढंच म्हणाला. भाजीवालीने वांगी पिशवीत टाकली, मी ती घेतली आणि म्हसावदच्या जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं की पिशवी अजून हातातच आहे... मयताच्या घरी वांगी घेऊन जाणारी मीच पहिली असेन. मला तेव्हा रडू आलं नाही, राग आला. एका पोरीला अशी अर्ध्यावर सोडून ही बाई गेलीच कशी, असा तो राग होता. सहा आठवडे झाले, हे लिहिताना अजूनही तो पुरता उतरलेला नाही.

मंगला म्हसावदजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका होती आणि मी त्या भागातल्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणजे नोकरीच्या भाषेत तिची साहेब. निवृत्त झाल्यावर मी तिला दहादा सांगितलं की आता मला मॅडम म्हणू नकोस, पण ती शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिली. माझा तेव्हा दरारा होता आणि मला तो आवडायचाही. मी येणार हे कळलं की सेविका पोरांना रांगेत बसवायच्या आणि घसा फुटेस्तोवर बडबडगीतं म्हणायला लावायच्या. मंगलाच्या अंगणवाडीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाहेर काहीच ऐकू येईना. मला वाटलं, बंद ठेवलीय, आता हिला धारेवर धरायचं. दार ढकललं तर आत वीसेक पोरं बसलेली, वजनाचा दिवस म्हणून सहा-सात आया तान्ही मुलं मांडीवर घेऊन भिंतीला टेकलेल्या, आणि कुणाचाही आवाज नाही. मधोमध मंगला हातांनी गोष्ट सांगत होती. कपाळावर दोन बोटं उभी केली की शेळी, दोन्ही मुठी वरखाली केल्या की दुधाची धार. शेळीचं पिल्लू हरवलं होतं आणि ती ते शोधत कावळ्याकडे, म्हशीकडे आणि शेवटी एसटीच्या कंडक्टरकडे गेली होती. कंडक्टरने दोरी ओढून घंटी वाजवली तेव्हा मांडीवरची दहा महिन्यांची पोरंही हवेत हात ओढायला लागली. मी तपासणीचं रजिस्टर बाजूला ठेवलं आणि पिल्लू सापडेपर्यंत तिथेच उभी राहिले.

नंतर चहा पिताना तिने सांगितलं, "मन्ही माय मुकी व्हती, मॅडम. माले बोलता येवाना आधी हात हालाडता येत व्हता." तिची आई प्रकाशा गावची. जन्माची बहिरी, म्हणून मुकी. घरातल्या घरात तयार झालेल्या खुणांवर त्या मायलेकींचं सगळं आयुष्य चाललं होतं. या खुणा कुठल्या शाळेतल्या नव्हत्या. दोन तळवे एकमेकांवर थापटले की भाकरी, अंगठा ओठांना लावला की पाणी, गालांजवळ बोटं वाकडी केली की बिबट्या. मंगलाचं म्हणणं असं होतं की तान्ह्या पोराची जीभ उशिरा वळते, हात लवकर वळतात. तिच्याकडची पोरं एका बोलीची नव्हतीच. कुणी धडगावकडून ऊसतोडीला उतरलेल्या पावरा आदिवासींची, कुणी भिलांची, कुणी अहिराणी बोलणाऱ्यांची, आणि सरकारी पुस्तक प्रमाण मराठीत. पुस्तक वाचलं तर निम्मी पोरं भिंतीकडे बघायची. म्हणून ती गोष्ट एकदा तोंडाने सांगायची आणि एकदा नुसत्या हातांनी. दुसऱ्या वेळी सगळी पोरं सारखी हसायची.

तिची आणखी एक सवय होती. ती पोरांना हाक मारायची नाही. आईला हाक मारून उपयोग नव्हता, तेव्हापासून तिला माणसाजवळ जाऊन हात लावायची सवय लागली होती. गोष्ट सुरू करायची असली की ती सगळ्यांमधून फिरायची, एकेकाच्या गुडघ्याला बोट लावायची आणि पोर मान वर करायचं. मला या सवयीचं फार कौतुक. बैठकीत मी इतर सेविकांना सुनवायचे की मंगलाकडे जाऊन बघा, ती पोरांवर ओरडत नाही. कुणी पाहुणे आले की मी त्यांना तिच्याकडेच नेई. मिरवायला मला काहीतरी मिळालं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

रमिला याच अंगणवाडीत वाढली. तिची आई रेमती धडगावच्या वरच्या पाड्यातली, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आली आणि इथेच एका मळ्यावर राहिली. ती कामावर गेली की रमिलाची मोठी बहीण तिला कडेवर घेऊन अंगणवाडीत यायची. सात-आठ महिन्यांची असताना रमिलाने तळवे थापटून भाकरी मागितली. वर्षाची झाली तेव्हा ती शेळी, म्हैस, कावळा सगळं करायची. दोन वर्षांची असताना मंगला मध्येच थांबली तर उरलेली गोष्ट ती पुरी करायची. बोलायची नाही. पण पावरी पोरं पहिली दोन-तीन वर्षं अंगणवाडीत बोलत नसतातच, तिथली भाषाच त्यांची नसते, आणि मंगलाने कधी कुठल्या पोराला जिभेवरून जोखलं नव्हतं. पाहुण्यांसमोर मी रमिलालाच पुढे बसवायचे. ते मोबाइलवर तिचे फोटो काढायचे. एका साहेबांनी तर विचारलं होतं की ही पोरगी कोणाची, फार हुशार दिसते.

रमिला साडेतीन वर्षांची असताना ते कळलं. अंगणवाडीसमोरच्या रस्त्यावर ती मातीत रेघोट्या ओढत बसली होती आणि मागून उसाची ट्रॉली येत होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला, परत दिला. मंगला दारात होती. ती हाक न मारणारी बाई त्या दिवशी जीव खाऊन ओरडली. रस्त्याच्या पलीकडच्या बायका वळल्या, कुत्री उठली, रमिला रेघोट्या ओढत राहिली. ड्रायव्हरने कशीबशी ट्रॉली थांबवली, पोरीला खरचटलंही नाही. मंगला तिच्याजवळ गेली, पण तिला उचललं नाही. तिच्या पाठीमागे उभी राहून तिने टाळी वाजवली, मग पुन्हा वाजवली... मदतनीस बाई सांगते, किती टाळ्या वाजवल्या त्याचा हिशेब नाही. शेवटी तिने वाकून पोरीच्या गुडघ्याला बोट लावलं. रमिलाने मान वर केली आणि हसली.

मी, मंगला आणि रेमती तिला घेऊन आधी नंदुरबारला आणि मग धुळ्याला गेलो. पोरगी जन्मापासूनच बहिरी होती. तिथले डॉक्टर भले होते, आवाज चढवला नाही. वर्षाच्या आत आणली असती तर पुष्कळ करता आलं असतं, आता यंत्र लावून बघू, फार आशा धरू नका, असं म्हणाले. यंत्र मिळालं. ते कानात घातलं की रमिला घाबरून रडायची आणि उपटून फेकायची. येताना बसमध्ये मंगला माझ्याकडे न बघता म्हणाली, "मुकी मायनी पोर मी. आनि मालेच समजनं नही." रेमती पोरीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. ती मोडक्या अहिराणीत म्हणाली, "रडू नको ताई. मी बी तिनी मायच शे." तिने मंगलाला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर मंगलाला सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

परत आल्यावर मी एक काम केलं, जे करायची मला भीती वाटत होती. कार्यालयात जाऊन रमिलाची तपासणीची जुनी पानं काढली. त्यात एक प्रश्न होता, हाक मारल्यावर मूल वळते का. मंगलाने तिन्ही वेळा 'होय' लिहिलं होतं, कारण तिच्या लेखी हात लावणं हीच हाक होती आणि रमिला तर सगळ्यांच्या आधी वळायची. खाली तिन्ही ठिकाणी माझी सही होती. मी त्या पोरीला एकदाही हाक मारलेली नव्हती. फोटो काढून घेतले होते फक्त. मंगलाची चूक प्रेमापोटी झाली, माझी मिरवण्यापोटी, आणि भोगायचं मात्र आम्हा दोघींपैकी कुणालाच नव्हतं.

त्यानंतर मंगला बदलली. ती अंगणवाडीत स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन पोरांच्या पाठीमागे उभी राहायची आणि वाजवायची. वजनाला आलेल्या तान्ह्या पोरांच्या मागेही वाजवायची. पोरं दचकून रडायची, आया वैतागायच्या. मी एकदा म्हटलं, "मंगला, आता पुरे. सगळी ऐकतात." ती म्हणाली, "तधळबी मी असंच समजनू, मॅडम." तेव्हाही, म्हणजे रमिलाच्या वेळीही, तिला असंच वाटलं होतं. गोष्टी तिने कित्येक महिने बंद ठेवल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या त्या रमिलामुळेच. पोरीला दुसरं काही येत नव्हतं आणि ती रोज येऊन मंगलाचे हात धरून ओढायची. मग अंगणवाडी सुटली की चार वाजता रमिला मंगलाच्या घरी जायला लागली. खाटेवर समोरासमोर बसून दोघी सांजपर्यंत बोलत. रेमतीला कामाच्या धबडग्यात पाच-पन्नास खुणांपुढे काही शिकता आलं नाही. गावच्या शाळेत रमिलाचं नाव घातलं, तिथे ती मागे बसून राहायची. दूरच्या शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत आम्ही तिला एकदा पोचवून आलो. तिथल्या खुणा वेगळ्या, तिला त्या कळेनात, तिच्या कुणाला कळेनात. आठव्या दिवशी तापाने फणफणलेली पोर रेमती परत घेऊन आली आणि पुन्हा पाठवायला तयार होईना. तेव्हा या जगात रमिलाशी धड बोलू शकणारं माणूस एकच उरलं. मी मंगलाला म्हणायचे की हे सगळं कुणाला तरी शिकव, मला शिकव. ती म्हणायची, "या ना मॅडम, चार वाजता." आणि मी जायचे नाही. कधी लग्न असायचं, कधी गुडघा दुखायचा.

गेल्या वर्षअखेरीस मंगलाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी भेटायला गेले तेव्हा रमिला खाटेजवळ उभी होती. आता ती सात वर्षांची आहे. ती मंगलाचा उजवा हात उचलायची, सोडायची, आणि तो पडायचा. पुन्हा उचलायची. तिला वाटत होतं, ताई रुसलीय, म्हणून बोलत नाही. मंगलाने डाव्या हाताने काहीतरी करून बघितलं, पण भाकरी एका हाताने थापता येत नाही. रमिलाला ते कळलं नाही आणि ती चिडून तिच्या दंडावर मारायला लागली. दीपकने तिला बाजूला घेतलं. मंगलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने डाव्या हाताने आधी पोरीकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "हो मंगला, बघते मी." म्हणायला काय जातं... ती आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर चार दिवसांनी दीपकचा फोन आला. "मॅडम, ती पोरगी रोज येस. खाटजोडे बठस. तिले कोन सांगी?" मयताच्या दिवशी रेमती तिला घेऊन मळ्यावरच थांबली होती, त्यामुळे तिने काहीच पाहिलं नव्हतं. मी गेले. चार वाजता रमिला आली, रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि दोन्ही तळवे उघडून मला विचारलं, कुठे? मला येतात त्या तीसेक खुणा. मी त्या मनातल्या मनात चाळल्या. मेल्याची खूण त्यात नव्हती. मग आठवलं, मंगलाच्या गोष्टीत कधी कुणी मेलंच नाही. ती गोष्टी सांगायची तान्ह्यांना, त्यांत बिबट्यासुद्धा पोट भरून घरी जायचा. मी आभाळाकडे हात केला. रमिलाने खिडकीतून बाहेर पाहिलं, तिच्यासाठी तो पाऊस. मी तळव्यावर तळवा पुसला, संपलं. गोष्ट संपली की मंगला असंच करायची. रमिलाने लगेच बोटांची चिमूट तळव्यावर टेकवली, अजून. पुन्हा टेकवली. तिचा चेहरा कसनुसा व्हायला लागला आणि मला ते बघवेना. मी घाबरून हात जोडून गालाखाली घेतले आणि डोळे मिटले, झोपलीय.

डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा निवळला होता. तिने मान हलवली आणि खाटेशेजारी मांडी घालून बसली. मी तिला खोटं सांगितलं आणि ते मागे घ्यायला लागणारी खूण मला येत नाही. दीपक म्हणतो, रमिला अजून रोज चार वाजता येते, खाटेवरची गोधडी सरळ करते आणि मंगला उठून येईल म्हणून वाट बघत बसते.