मागच्या सीटवरून पासष्ट

माझे वडील गाडीत बसले की वेगमर्यादेचा प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचतात. मनात वाचणं त्यांना जमत नाही असं नाही. पेपर ते मनातच वाचतात, आणि आपण काही विचारलं तर बरेचदा उत्तरही मनातच देतात. पण गाडी सुरू झाली आणि रस्त्याच्या कडेला आकडा दिसला की मागच्या सीटवरून आवाज येतो. ‘पस्तीस.’ थोड्या वेळाने, ‘पंचेचाळीस.’ एवढंच. पुढे काही नाही, मागे काही नाही.

आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे नाशिकहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले, तेव्हा हे सुरू झालं. एअरपोर्टवरून घरी येताना मला वाटलं, लांबच्या प्रवासाचा शीण आहे, झोप झाली की उतरेल. झोप झाली, आठवडा झाला, वाचन चालूच राहिलं.

मी रोज फ्रीमाँटहून सांता क्लाराला ऑफिसला जाते. फ्रीवेवर बोर्ड ताशी पासष्ट मैलांचा आहे. त्या पासष्टला किती अर्थ आहे, तर आमच्या मराठी मंडळाच्या आमंत्रणावर ‘कार्यक्रम ठीक सहा वाजता सुरू होईल’ असं छापलेलं असतं, तेवढा. सहाला फक्त माइक लावणारा येतो. बाकी सगळे आपापल्या सोयीने येतात, आणि कार्यक्रमही व्यवस्थित होतो. फ्रीवेवरही तसंच आहे. सगळे पंचाहत्तरने जातात, काही त्याहून जास्त, आणि जो खरोखर पासष्टने जातो त्याच्याकडे लोक गाडीतून वळून बघतात, कोण आजारी आहे म्हणून.

वडील ‘हळू चालव’ असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते; त्यात माझा हात कोणी धरत नाही. पण नुसत्या ‘पासष्ट’शी भांडणार कसं? मी ऐंशीच्या आसपास असायची, मागून शांत आवाजात आकडा यायचा, आणि मला शाळेतल्यासारखं उभं केल्याचा भास व्हायचा.

“बाबा, मला दिसतो बोर्ड,” मी एकदा सांगितलं.

“दिसतो ना? मग बरं आहे,” ते म्हणाले, आणि पुढचा बोर्ड वाचला.

माझी मुलगी सोळा वर्षांची. जन्म इथला. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीतून देते. आजोबांना इंग्रजी कळतं, पण ते प्रश्न मराठीतून विचारतात. एक प्रश्न, एक उत्तर, आणि दोघंही समाधानाने आपापल्या खोलीत जात. लहानपणी दर रविवारी मी तिला मराठी शाळेत नेत असे. तिथे ती वीसपर्यंत आकडे शिकली, आणि मग पोहायचे क्लास सुरू झाले म्हणून आकडे तिथेच थांबले.

तिला लर्नर्स परमिट मिळालं होतं आणि गाडी शिकणं चालू होतं. एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, “आय अ‍ॅम ड्रायव्हिंग आजोबा टू द एअरपोर्ट.” म्हणजे ते परत निघतील तेव्हा. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. “मग ठरलं,” म्हणाले. रात्री ठरलं आणि सकाळपर्यंत अख्ख्या नाशिकला कळलं. “नात सोडणार आहे मला,” असं ते फोनवर एकेकाला सांगत होते. माझी आत्या म्हणाली, एवढीशी पोर गाडी चालवणार? तर बाबा म्हणाले, “परीक्षा देऊन चालवणार आहे. आपल्यासारखं नाही.”

त्यामुळे आता त्या परीक्षेत पास होणं भाग होतं. बाबांचं तिकीट काढलेलं होतं, आणि ती तारीख सरकवता येणार नव्हती. गुडघ्यांची अवस्था पाहता ते पुन्हा इकडे येतील असं त्यांना वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. हे आम्ही कोणी बोलून दाखवलं नाही. मुलीलाही माहीत असावं, कारण तिने पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीसाठी स्वतःहून अपॉइंटमेंट घेतली होती.

ती नापास झाली. आमच्या घराजवळच्या शाळेच्या रस्त्यावर बोर्ड पंचवीसचा आहे. मुलं सुटायची वेळ होती आणि ही पस्तीसच्या वर गेली. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी तिथूनच गाडी परत वळवायला लावली. घरी येताना मी गाडी चालवत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “यू ऑलवेज गो फॉर्टी देअर.”

“मी तिथे परीक्षा देत नसते,” मी म्हणाले. हे उत्तर मला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

घरी बाबांनी एवढंच विचारलं, “किती होतं तिथे?”

“पंचवीस,” मी म्हणाले.

“बोर्ड होता?”

“होता.”

ते मान हलवून आत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही प्रॅक्टिसला निघायच्या आधीच ते बूट घालून मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलेले होते. नवरा कामासाठी पार अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अ‍ॅशबर्नला असतो आणि महिन्यातून एकदा येतो, त्यामुळे शिकवायला मीच. कायद्याप्रमाणे शिकवणारा मोठा माणूस शेजारी लागतो, म्हणून मी पुढे. अशा रीतीने मुलीला दोन मास्तर झाले. मी म्हणायची, “अगं जा ना यार, मागे गाडी आहे.” मागून आवाज यायचा, “पस्तीस.” ती एक क्षण विचार करायची आणि पस्तीसनेच जायची. मागचा माणूस हॉर्न वाजवायचा. मला मान खाली घालावीशी वाटायची.

“व्हॉट इज पस्तीस?” तिने पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“बोर्ड बघ,” बाबा म्हणाले.

याहून सोपी शिकवणी मी पाहिली नाही. ती बोर्ड बघायची आणि आकडा शिकायची. पंचवीस, तीस, पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. मराठी शाळेला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते फ्रीमाँटच्या रस्त्यांनी करून दाखवलं. मात्र बोर्डावर जे नाही ते तिला आजही येत नाही. तिच्या मराठीत पंचवीसनंतर थेट तीस येतात. सव्वीस म्हणून काही असतं यावर तिचा विश्वास नाही.

फ्रीवेची प्रॅक्टिस सुरू झाली तेव्हा माझा तोल गेला. आम्ही रॅम्पवरून वर चढत होतो, डाव्या बाजूने मोठा ट्रक येत होता, आणि फ्रीवेत घुसताना वेग घ्यावाच लागतो. नेमका तेव्हाच मागून आवाज आला, “पासष्ट.” मुलीने पाय उचलला. ट्रकवाल्याने भोंगा दाबून धरला.

“बाबा, पुरे आता,” मी मागे वळून ओरडले. “इथे असं अर्ध्यावर पाय काढला तर मरू आपण सगळे. तुम्ही नका बोलू.”

ते गप्प झाले. मी चुकीचं काही बोलले नव्हते, आणि तरी मला माझाच राग आला. पुढचा बोर्ड आला, गेला. त्याच्या पुढचाही. फ्रीवे सोडून आम्ही गावातल्या रस्त्याला लागलो. मुलीचा काटा हळूहळू वर सरकत होता, आणि सवयीने मला तो ठीकच वाटत होता. लाल सिग्नलला ती थांबली आणि आरशात बघून म्हणाली, “आजोबा, व्हाय डिड यू स्टॉप?”

बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, हे तिला माहीत होतं; म्हणजे नक्की काय करत, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

“मी घाटात बोर्ड लावायचो,” ते म्हणाले. “ताशी वीस, ताशी तीस. उन्हात उभं राहून, वळण बघून, कुठे लावला तर दिसेल ते ठरवून. लावून झाला की बाजूला स्कूटर उभी करायची आणि कोणी वाचतंय का बघत बसायचं. कोणी नाही वाचायचं. ट्रक नाही, एसटी नाही. आमच्या साहेबांची जीप तर नाहीच नाही.”

सिग्नल हिरवा झाला. मुलगी निघाली, सावकाश.

“मग तुझी आजी वाचायला लागली. स्कूटरवर मागे बसायची ना. मला चिडवायला म्हणून. म्हणायची, ‘अहो, तुमचा वीस आला बरं का.’ पुढे दुसऱ्यांनी लावलेलेही वाचायला लागली. मग सवयच झाली तिला. कुठेही गेलो तरी मागून आकडा यायचा. आता मागे मी बसतो. कोणीतरी वाचायला पाहिजे.”

मला हे सगळं माहीत होतं आणि मी ते कुठे ठेवून दिलं होतं कोण जाणे. त्या स्कूटरवर पुढे मी उभी असायची, बाबांच्या दोन हातांच्या मध्ये. मागून आईचा आवाज यायचा, ‘वीस.’ बाबा म्हणायचे, ‘हं.’ आणि माझ्या नाकासमोर त्यांची उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरवर जराशी सैल व्हायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आया असंच करतात. त्या दिवशी गाडीत मला आईची इतकी आठवण आली की उजवीकडे वळायचं सांगायला मी विसरले, आणि आम्ही भारतीय किराण्याच्या दुकानापर्यंत जाऊन पोचलो. मग तिथे कोथिंबीर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून वाचन पुन्हा सुरू झालं. रॅम्प संपेपर्यंत बोलायचं नाही, एवढी एक अट मी घातली आणि त्यांनी ती पाळली.

दुसरी परीक्षा त्यांच्या निघण्याच्या आठवड्यातच मिळाली. त्या दिवशी बाबा आणि मी परीक्षेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो. ती परीक्षकाला घेऊन बाहेर पडली, तेव्हा बाबांनी पार्किंगच्या तोंडाशी लावलेला बोर्ड वाचला. “पाच,” म्हणाले. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत राहिले. मला वाटलं स्तोत्र असेल. नीट ऐकलं तर ते आमच्या घराजवळच्या शाळेच्या रस्त्याचे बोर्ड ओळीने म्हणत होते.

ती पास झाली. परीक्षक गृहस्थांना जरा कुतूहल वाटलं होतं. गाडी चालवताना ही सारखं काहीतरी पुटपुटत होती, म्हणून त्यांनी विचारलं, तर तिने सांगितलं की तिची आजी असंच ड्राइव्ह करायची. माझ्या आईने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. मी काही दुरुस्ती केली नाही.

निघायच्या दिवशी दुपारी बॅगा डिकीत गेल्या. बाबा सवयीने मागचं दार उघडायला लागले, तर मुलीने त्यांना पुढे बसवलं. “व्हीआयपी सीट,” म्हणाली. ते स्वेटरची बटणं लावून, हात मांड्यांवर ठेवून ताठ बसले. मी मागे बसले. माझ्याच गाडीच्या मागच्या सीटवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. तिथून बोर्ड फार छान दिसतात.

गल्लीच्या तोंडाशी पहिला बोर्ड आला. बाबांनी तो वाचला नाही. मुलीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा समोर बघायला लागली. पुढचा बोर्ड आला. तोही नाही. मला वाटलं, निघण्याच्या दुःखाने गप्प असतील. मुलीला तर रडू येईल की काय असं दिसत होतं, आणि मला भीती वाटायला लागली की ती रडत रडत फ्रीवेवर चढेल.

“बाबा, वाचा ना,” मी म्हणाले.

त्यांनी मान अर्धी मागे वळवली.

“मी पुढे बसलोय ना,” ते म्हणाले. “मागे तू आहेस.”

आम्ही रॅम्प चढलो. मी अट पाळली. उजव्या बाजूने गाड्या आम्हाला ओलांडून जाऊ लागल्या, डावीकडूनही, आणि मागच्या एकाने दोनदा लाइट मारले. त्याच्या जागी मी असते तर मीही मारले असते. मग तो बोर्ड आला, ज्याच्यावरून मी इतकी वर्षं रोज गेले आहे.

“पासष्ट,” मी म्हणाले.

“हं,” बाबा म्हणाले, समोरच बघत. आणि मांडीवर ठेवलेली त्यांची उजवी मूठ जराशी सैल झाली.