शुक्राचा अस्त आणि अक्काची दहावी

या महिन्यात आकाशात काय पाहायचं ते आधी सांगते. सूर्य मावळला की लगेच पश्चिमेला, अगदी क्षितिजालगत शुक्र शोधा. तो रोज थोडा खाली उतरतोय, उशीर केलात तर दिसणार नाही. जेवणं उरकेपर्यंत पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो. मग काही दिवस शुक्र नसेल, आणि नंतर तो पहाटे पूर्वेला उगवेल. मधल्या काळाला अस्त म्हणतात. आमच्याकडं अस्तात लग्नं लावत नाहीत.

दर आठ वर्षांनी शुक्र याच सुमारास असा बुडतो. मी लहान होते तेव्हाही बुडाला होता. त्या वर्षी दुष्काळ होता. बाजरीची कणसं भरलीच नाहीत, आणि गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. आई-आबाही. माझी थोरली बहीण, अक्का, दहावीत होती. तिला एकटीला मागं ठेवायची आबांना धास्ती वाटायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या पोराला मुकादम घेत नाही. म्हणून शेजारच्या गावातल्या अशाच एका मुलाच्या घरून अक्काला मागणी आली होती. तुळशीचं लग्न झालं की यांचं लावायचं आणि दोघांना ट्रकमध्ये बसवायचं, असं ठरत आलं होतं.

संध्याकाळी हापशावर पाण्याच्या रांगेत अक्का मावळतीकडं तोंड करून उभी राहायची.

"काय गं, सासर तिकडं हाय का?" शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं. "सारखी बघतीस ती!"

"न्हाई काकू, घागर भरायला अंधार व्हतोय का बघते."

बायका हसल्या. घरी येताना अक्कानं मला खरं सांगितलं. गेल्या थंडीत आत्याच्या पोरीचं लग्न शुक्राच्या अस्तामुळं दोन महिने अडलं होतं. "ही चांदणी एकदा बुडू दे. दोन महिने वर येत न्हाई. तवर ट्रक गेलेला असंल. मग लग्न उन्हाळ्यात. माझे पेपर झालेले असतील."

दिवाळीच्या आधी शुक्र दिसेनासा झाला. आबांनीही दोन महिनेच धरले आणि मुलाच्या घरी निरोप धाडला की आता हंगाम संपल्यावर बघू, तोवर पोरगी शेजारच्या काकूंकडं राहील. अक्कानं शाळेतून जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. गावात पंचांग एकाच घरी होतं, आणि ती माणसं दिवाळीला बीडला गेलेली. जे सगळ्यांनाच ठाऊक आहे ते विचारायचं कशाला?

शुक्राचे अस्त दोन तऱ्हेचे असतात, हे मला फार पुढं कळलं. पूर्वेला बुडाला तर पश्चिमेला यायला दोन महिने घेतो. पश्चिमेला बुडाला तर थोड्याच दिवसांत पूर्वेला हजर होतो.

अक्का पहाटे ओट्यावर कंदील घेऊन अभ्यास करायची. एके दिवशी ती लगेचच आत आली, कंदील विझवला आणि पुन्हा माझ्याशेजारी येऊन पडली. मी विचारलं, तर म्हणाली, "थंडी लागली."

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत मुलाचे वडील सायकलवर दारात.

"उठा की सोयरे! चांदणी उगवली, तुमी अजून अंथरुणात?"

"कुठली चांदणी?"

"ही काय! कावून, डोळे गेले का?"

आबा अंगणात आले. तांबडं फुटायला लागलं होतं, तरी ती चांगली मोठी दिसत होती. आबा बराच वेळ बघत राहिले.

"लईच लवकर आली," ते म्हणाले.

"आपल्यासाठीच आली म्हणा की!" पाहुणे मोठ्यानं हसले.

आबांनी दाराकडं पाहिलं. अक्का चौकटीला धरून उभी होती. "काय म्हणतीस, बाई?" त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली असती, तर त्यांनी ऐकलं असतं असं मला आजही वाटतं.

"आता काय म्हणू, आबा," अक्का म्हणाली. "उगवली ना."

तुळशीच्या लग्नानंतर दोनच दिवसांत तिचं लागलं. हळदीच्या हातांनीच ती ट्रकमध्ये चढली. मार्चमध्ये तिच्या वर्गातल्या मुली परीक्षेला गेल्या, तेव्हा अक्का कारखान्याच्या शिवारात उसाच्या मोळ्या बांधत होती.