कॅप्टनच्या खांद्यावरच्या पट्ट्या

"ही कॅप्टन वाटत नाही," चॅनलचे साहेब म्हणाले आणि चहाचा कप माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवला. कापडावर. मी कप उचलून बाजूला ठेवला.

"मग काय वाटते?"

"ट्रेनी. सोमवारी पुन्हा फुटेज बघतो. तेव्हाही असंच वाटलं तर दुसरी मुलगी घेऊ."

कॅप्टनचं काम करणारी केतकी जॅकेटच्या ट्रायलसाठी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी रुक्साना, मालिकांचे कॉस्च्युम करते. ही गोष्ट एका मराठी सायन्स फिक्शन मालिकेची. पुण्याजवळ मांजरी गावातल्या एका गोदामात आमचं प्लायवूडचं अंतराळयान उभं होतं. बाहेरून उसाची ट्रॉली गेली की यान हादरायचं आणि शॉट थांबायचा. केतकीचं हे पहिलं मोठं काम. आयटीतली चांगली नोकरी सोडून आली होती, म्हणून वडील तिच्याशी बोलत नव्हते. रोल गेला असता तर "सांगितलं होतं ना" हे ऐकायला तिला घरी जावं लागलं असतं. मला त्या पोरीची काळजी वाटत होती, आणि साहेबांचा रागही आला होता.

आता वर्दीबद्दल थोडं. खऱ्या सैन्याची वर्दी हुबेहूब उचलली तर भानगडी होतात, म्हणून अंतराळातली फौज आम्ही नव्यानं शिवतो. तरी कोण मोठा, कोण छोटा, हे प्रेक्षकाला बघताक्षणी कळायला हवं. त्याचा ढोबळ नियम असा, की रंगावरून खातं आणि पट्ट्यांवरून हुद्दा. आमच्याकडे यान चालवणारे निळे, इंजिनवाले राखाडी, डॉक्टर पांढरे. जॅकेटच्या खांद्यावर बटणानं बसवतात त्या पट्टीला एपलेट म्हणतात. त्यावर चंदेरी रेघा. साध्या सैनिकाला एक, कॅप्टनला चार. बाकी रीतभात नौदलाची घेतात, कारण जहाज आलं की कॅप्टन आलाच.

"ताई, रेघा वाढवा ना," आमचा दिग्दर्शक निखिल म्हणाला.

वाढवल्या. कॉलरला चंदेरी किनार दिली, खांद्यावरून गोंडा सोडला. केतकी आरशासमोर उभी राहिली आणि मी कपाळाला हात लावला.

"निखिल, आता हिच्या हातात क्लॅरिनेट दे. वरातीला जाऊ दे."

केतकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मी गोंडा, किनार आणि जादा रेघा तिथल्या तिथे उसवल्या.

मग मी मॉनिटरसमोर बसून जुनं फुटेज बघितलं. मानेमागे जॅकेटला एक आडवी चुणी पडत होती. म्हणजे माप चुकलं, माझंच काम. पण डॉक्टरबरोबरच्या सीनमध्ये तेच जॅकेट चोख बसलं होतं. चुणी पडायची ती फक्त अण्णांसमोर. तिथे ही बया खांदे पाडून, मान पुढे काढून हुकूम सोडत होती. हुकूम कसला, रजेचा अर्ज!

अण्णा म्हणजे आमचे सगळ्यांत ज्येष्ठ नट. मालिकेत इंजिनचे प्रमुख, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचे. पण सेटवर? अण्णा आले की अख्खं युनिट उठायचं. पहिल्या शॉटआधी सगळे त्यांच्या पाया पडायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत. केतकीही पडायची, कॅप्टनचं जॅकेट घालून. आणि लगेच निखिल ओरडायचा, "ॲक्शन!" दोन मिनिटांपूर्वी ज्यांच्या पायावर डोकं ठेवलं, त्यांनाच ती दरडावणार होती. वर अण्णा त्या सीनमध्ये खुर्चीवरून हलत नसत. त्यांना ऊठ म्हणायची निखिलची टाप नव्हती.

मी गेले.

"अण्णा, ती आत आली की तुम्ही उठाल का?"

"अहो बाई, आपण कपडे बघा. अभिनयाचं मी बघतो."

"कपड्यांचंच सांगतेय. मी तिच्या खांद्यावर सहा रेघा लावून बघितल्या. तुम्ही बसलेले असलात की एकही दिसत नाही."

"मी नाटकात उभा राहिलो तेव्हा ती जन्मलीही नव्हती."

"म्हणून तर तुम्हालाच विचारतेय. फौजेत पांढऱ्या मिशांचे सुभेदार काल आलेल्या लेफ्टनंटला सॅल्यूट करतात. त्यांचं काही कमी होतं?"

अण्णांनी पेपर उघडला. म्हणजे, आपण जाऊ शकता. झालं, मी वाट लावली असं मला वाटलं.

थोड्या वेळानं केतकी रोजच्यासारखी त्यांच्यासमोर वाकली. अण्णांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"जॅकेट काढून या, मग पाया पडा. आणि जॅकेट घातलं की मला अण्णा म्हणायचं नाही."

ती घाबरली. निखिलही घाबरला. सीन सुरू झाला. केतकी दारातून आत आली. अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला, गळ्याशी उघडं असलेलं बटण लावलं, सावकाश उठले आणि कडक सॅल्यूट ठोकला. यानातले बाकीचेही आपोआप उठले. केतकी क्षणभर गडबडली. मग तिची पाठ सरळ झाली आणि तिनं पहिल्यांदाच हुकूम सोडला. चुणी गायब! माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी साहेबांनी फुटेज बघितलं. "आता कशी कॅप्टन वाटते! किती पट्ट्या लावल्यात?"

"चारच. पूर्वी होत्या तेवढ्याच."

त्यांना ते पटलं नाही, पण केतकी राहिली. तेव्हापासून मला कुणाचा हुद्दा शिवायचा असला की मी आधी त्याच्यासमोर उभं राहणाऱ्यांच्या ट्रायल घेते. त्यात कापडही कमी लागतं.